'चालत नाही' हे काही उत्तर नव्हे



आज नेहमीचा विषय नाही. शब्दांच्या कुळकथा नाहीत, जुन्या शाळेच्या आठवणी नाहीत. आज संगणकाबद्दल लिहिणार आहे. "आई आता यंत्रांवरही तास घेणार!" असं आमच्या सूनबाई म्हणतील. घेणारच. चाळीस मिनिटांचा नाही, पण जरा मोठा आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

मला म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. लिनक्स बसवायला निघालेली माणसं लिनक्स अवघड आहे म्हणून परत फिरत नाहीत. ती लिनक्सपर्यंत पोचतच नाहीत. कुणीतरी सांगतं म्हणून पेनड्राइव्ह तयार करतात, संगणकाला लावतात, बटण दाबतात, आणि समोर पुन्हा तेच जुनं विंडोज येतं. नाहीतर काळा पडदा येतो आणि त्यावर लुकलुकणारी एक आडवी रेघ. मग 'चालत नाही' असं म्हणून पेनड्राइव्ह खणात जातो आणि संगणक माळ्यावर. विषय संपला.

पण 'चालत नाही' हे उत्तरच नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण लहान शाळेत कुणी रजेवर गेलं की गणिताचाही तास घ्यावा लागे. एखादा मुलगा वहीत नुसतं 'येत नाही' असं लिहून आला तर आपण त्याला काय सांगतो? "कुठपर्यंत आलं ते दाखव." तिसऱ्या पायरीवर अडलेला मुलगा आणि प्रश्नच न वाचलेला मुलगा, दोघांचं 'येत नाही' सारखंच दिसतं. औषध मात्र वेगवेगळं लागतं.

हे सगळं आत्ताच का सुचलं? विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा थांबला. घरगुती वापरासाठी वर्षभराची जोडमुदत जाहीर झाली, पण ती तात्पुरती सोय. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक थांबला असं नाही बरं का. तो चालतोच. फक्त त्यातली नवी भगदाडं बुजवायला कुणी येत नाही. विंडोज ११ बसवावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. ढोबळमानाने २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक तिथे नापास होतात. हे संगणक बिघडलेले नाहीत. त्यांच्यावर पत्रं लिहून होतात, हिशेब होतात, नातवंडांचे फोटो दिसतात. तरीही दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं: "काकू, आता नवीनच घ्या."

नवीन घ्यायची ऐपत असेल आणि हौस असेल तर जरूर घ्या. पण ज्या घरात तो एकच संगणक आहे, ज्या शाळेत वर्गणी काढून चार मशीन आणली आहेत, तिथे 'नवीनच घ्या' याचा अर्थ 'आता बंद करा' असाच होतो. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बऱ्यापैकी पळतं. म्हणजे सगळा प्रश्न त्या पेनड्राइव्हपाशी येऊन थांबतो. तो उंबरठा ओलांडता आला तर मशीन वाचलं, नाहीतर भंगारवाला दारात उभा आहेच.

तेव्हा उंबरठा आधी नीट पाहू.

'बूट होणं' हा शब्द ऐकला की आपल्याला पायातले बूट आठवतात, आणि गंमत म्हणजे ते बरोबरच आहे! लांब बुटांना मागे एक पट्टी असते, ती ओढून बूट पायात चढवायचा. तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणं, ही अशक्य गोष्टीसाठी त्यांच्याकडची म्हण. संगणकाचंही तसंच आहे. कुठलाही प्रोग्रॅम चालू करायला आधी एक प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मग पहिला कोण चालू करणार? म्हणून मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो जागा होतो आणि पुढच्याला उठवतो.

आपली शाळा भरते तसंच हे. आधी शिपाई फाटक उघडतो. मग घंटा होते. मग बाई वर्गात येऊन हजेरी घेतात. मग तास सुरू होतो. संगणकात शिपाई म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. घंटा देणारा म्हणजे पेनड्राइव्हवरचा बूटलोडर, बहुधा त्याचं नाव ग्रब. वर्ग ताब्यात घेणाऱ्या बाई म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. हे कर्नल लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलं. आणि प्रत्यक्ष तास म्हणजे पडद्यावर दिसणारी चित्रं आणि खिडक्या.

शाळा भरली नाही तर आपण सगळ्या शिक्षकांना नोटीस काढत नाही. फाटकाला कुलूप होतं, की घंटा झाली नाही, की बाई आल्या नाहीत, हे आधी बघतो. पेनड्राइव्हचं नेमकं उलट होतं. भाचा सांगतो हे बदल, शेजारचा सांगतो ते बदल, आणि माणूस घाबरून एकदम पाच गोष्टी बदलतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! शिवाय त्यातून योगायोगाने मशीन चालू झालंच, तरी कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पडद्याकडे बघून एकच प्रश्न विचारायचा: कुठपर्यंत आलं?

पेनड्राइव्ह लावूनही सरळ जुनं विंडोजच आलं, किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असं आलं, तर अडलंय फाटकाशी. शिपायाला पेनड्राइव्ह दिसला नाही, किंवा दिसला पण त्यात उठवण्यासारखं काही सापडलं नाही. यात पुन्हा दोन शक्यता: पेनड्राइव्हच नीट तयार झालेला नाही, किंवा मशीन त्याच्याकडे बघत नाही. या दोन वेगळ्या करायला एक साधी परीक्षा आहे. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून बघायचा. तिथेही नाही चालला, तर बहुतेक दोष पेनड्राइव्हचा. तिथे चालला, तर पेनड्राइव्ह निर्दोष सुटला असं नाही, पण संशय आपल्या मशीनकडे किंवा दोघांच्या न जुळण्याकडे वळतो. दोन मिनिटांचं काम आहे. यात अर्ध्याहून अधिक गोंधळ मिटतो.

पेनड्राइव्ह बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. लिनक्स उतरवून घेतलं की एक मोठी आयएसओ फाइल मिळते. पुष्कळ लोक ती फाइल गाण्याची फाइल टाकावी तशी पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करतात. तसं चालत नाही. पुस्तक खोक्यात घालून कपाटात ठेवलं तर वाचता येईल का? ते उघडून मांडावं लागतं. रूफस, बलेना एचर, व्हेंटॉय असे फुकट प्रोग्रॅम त्यासाठीच आहेत. त्यांनी पेनड्राइव्ह लिहिताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नये. लिहून झाल्यावर कधी कधी विंडोज म्हणतं, 'हा फॉरमॅट करू का?' नको म्हणायचं.

दुसरं कारण म्हणजे फाइलच अर्धवट उतरलेली असणं. आपल्याकडे मध्येच वीज जाते, नेट जातं. फाइल दोन-चार जीबीची दिसते म्हणून पूर्ण असेलच असं नाही. लिनक्स देणारी मंडळी प्रत्येक फाइलची शा-२५६ नावाची ६४ अक्षरांची ओळखखूण जाहीर करतात. आपल्या फाइलची खूण काढायची आणि जुळवून बघायची. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल टाकून द्यायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पेनड्राइव्ह ठीक निघाला तर मशीनकडे वळायचं. संगणक चालू होताना पहिल्या एक-दोन सेकंदांत एक ठरावीक बटण दाबलं की 'कुठून सुरू करू?' अशी यादी येते. डेलला आणि बऱ्याच लेनोव्होंना एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९, असूसला एस्केप किंवा एफ८. एसरला एफ१२, पण त्यांच्या कित्येक मशीनवर ती सोय आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लॅपटॉपवर कधी त्यासोबत एफएन बटणही धरावं लागतं. बटण दाबून धरण्यापेक्षा टकटक करत राहायचं. शिवाय विंडोज 'शट डाउन' केलं तरी 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते पुरतं झोपलेलंच नसतं. शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' केलं की ते पूर्ण बंद होतं, आणि नव्या मशीनवर तिथेच 'डिव्हाइस वापरा' असा पर्यायही मिळतो.

ग्रबची यादी दिसली, त्यातलं लिनक्स निवडलं आणि मग पडदा काळा झाला, तर आनंद माना! फाटक उघडलं, घंटाही झाली. आता अडलंय वर्गात, आणि संशयित बहुतेक वेळा चित्र दाखवणारं कार्ड. उबुंटूच्या यादीत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटच्या यादीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असा पर्याय असतो, तो निवडून बघायचा. इथे कुणी बायोसमधला क्रम बदलत बसेल तर तो फाटकाच्या कुलपाला तेल घालत बसला आहे आणि बाई वर्गात येऊन उभ्या आहेत.

आणि सगळं बसवून झालं, पेनड्राइव्ह काढला आणि मग मशीन उठेना, तर ती चौथी जागा. मशीन अजून जुन्या क्रमाने जुनंच दार ठोठावतंय, किंवा बूटलोडर चुकून पेनड्राइव्हवरच बसलाय. पेनड्राइव्ह लावला की चालतं आणि काढला की नाही, हीच त्याची खूण.

आता एक प्रत्यक्षातलं उदाहरण सांगते. आमच्या पेठेत एक लहानसं वाचनालय आहे. तिथे २०१० च्या सुमाराचा एक डेस्कटॉप होता. २०२५ च्या दिवाळीनंतर समितीत विषय निघाला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगून भंगारात काढायचा सल्ला दिला होता. नव्या संगणकाचा खर्च म्हणजे वाचनालयाची वर्षभराची नव्या पुस्तकांची रक्कम. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. माझा भाचा बँकेत आहे, त्याला हाताशी घेतलं. आधी पुस्तकांची यादी आणि सभासदांची नोंद दुसरीकडे उतरवून घेतली, मग पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती तयार केली.

लावला. जुनं विंडोजच आलं. भाचा म्हणाला, "मावशी, यूएसबीच गेलंय याचं. सोडून दे." मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला लावून बघ. तिथे ताबडतोब चालला. मग दोन मशीनमध्ये फरक काय, ते शोधायचं. लॅपटॉप नवा, यूईएफआयचा. वाचनालयाचा जुना, बायोसचा. भाच्याने रूफसमध्ये त्याच्या लॅपटॉपला साजेशी जीपीटी पद्धत निवडली होती. जुन्या बायोसला ती वाचता येईना. एमबीआर पद्धतीने पुन्हा लिहिला आणि पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला. पोर्ट बदलण्याआधी नवा पेनड्राइव्ह जुन्याच पोर्टला लावून बघितला होता, तेव्हा तो यादीत येऊन जाऊन होता. मागे लावल्यावर पक्का दिसू लागला. म्हणजे पुढचं पोर्टही ढिलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून दोन्ही कळलं. बायोसमध्ये क्रम बदलून यूएसबी पहिलं केलं. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून मेन स्विच बंद करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विंडोज! काल लावलेला क्रम गायब. भाच्याने हात टेकले. पण कोपऱ्यातल्या तारखेकडे माझं लक्ष गेलं. जन्मभर सनावळ्या घोकून घेतलेल्या बाईचं जाणारच! तारीख होती १ जानेवारी २०१०. ग्रंथपाल मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, ती रोज तशीच असते. रोज सकाळी इंग्रजीत काहीतरी येतं, मग एफ१ दाबायचं. आधीच्या ताईंनी तसंच सांगितलं होतं."

ते 'इंग्रजीत काहीतरी' मी वाचून घेतलं. 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड.' सरळ मराठीत: माझी आठवण पुसली गेली, म्हणून कारखान्यातल्या मूळ सवयींवर परत आलोय. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२. वीज बंद असताना तारीख आणि सेटिंग जपणं हे तिचं काम. ती संपली होती. वाचनालयाचा मेन स्विच रोज संध्याकाळी बंद होतो, म्हणून रोज रात्री मशीन सगळं विसरत होतं. 'इंटरनेटवर काही उघडत नाही' ही जी तक्रार होती, तिचंही मूळ हेच. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर मशीनच्या तारखेवरूनच तपासतो. २०१० साली जगणाऱ्या मशीनला २०२५ ची प्रमाणपत्रं खोटीच वाटणार.

पन्नास रुपयांच्या आतली बॅटरी. मदरबोर्ड ठणठणीत. त्या दिवशी दुपारपर्यंत मिंट बसलं. पुस्तकांची जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या फाँटात होती, ती बदलून घ्यायला मात्र आठवडा लागला. तेवढा त्रास झाला, तो लपवत नाही.

यात हुशारी कुणाचीच नाही. पण ते 'रोज एफ१ दाबायचं' मला फार लागलं. मशीन रोज सकाळी स्वतःच्या तोंडाने दुखणं सांगत होतं आणि आपण रोज त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो. ती मुलगी हुशार आहे, तिने 'असिस्टंट'चा वगैरे कोर्सही केलेला आहे. पण तिला तिथे शिकवलं काय? हे बटण दाबा, मग ते दाबा. समोर आलेलं वाक्य वाचा आणि त्याचा अर्थ लावा, हे कुणी शिकवलंच नाही. वाक्य वाचून अर्थ लावणं हे तर आमचं, भाषा शिक्षकांचं काम! मी मराठी माध्यमातून बी.ए. केलेली बाई. संगणकशास्त्राचा ओ की ठो येत नाही. तरी त्या चार शब्दांचा अर्थ शब्दकोशाच्या आणि भाच्याच्या मदतीने लागला. इंग्रजी येणं आणि वाचायची सवय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे दुसरी जास्त उपयोगी पडते.

आता जरा भांडणाचा मुद्दा. कुणालाही विचारा, पेनड्राइव्ह चालेना की पहिला सल्ला येतो: "सिक्युअर बूट बंद करा." ही काय भानगड आहे? २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून नव्या संगणकांच्या फाटकावर एक जास्तीचा पहारा बसला. ज्या बूटलोडरवर ओळखीची सही आहे त्यालाच आत सोडायचं. हेतू वाईट नाही. विंडोजच्या आधीच उठून बसणारे विषाणू असतात, त्यांना अडवायला हा पहारा कामाचा आहे. पण सही बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचीच चालते. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट यांनी शिम नावाच्या एका लहान प्रोग्रॅमवर ती सही मिळवलेली आहे. म्हणून हे चार पहारा चालू असतानाही सहसा सुरू होतात. तेव्हा आल्या आल्या पहारा उठवायची गरज नाही. 'सिक्युरिटी व्हायोलेशन' असा निरोप आला तरच तिकडे बघायचं. काही नव्या लॅपटॉपवर या तिसऱ्या पक्षासाठीच्या सहीला परवानगी देणारा वेगळा पर्याय असतो, तो चालू केला तरी भागतं.

आणि हात लावण्याआधी एक काम न विसरता करा. विंडोज ठेवायचं असेल आणि त्यात बिटलॉकरचं कुलूप लागलेलं असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्या. फाटकावरचे नियम बदलले की विंडोज ती किल्ली मागू शकतं. ती नसेल तर आतला सगळा डेटा गेला म्हणून समजा. कागदावरच लिहा. त्याच संगणकात लिहून ठेवू नका!

माझी तक्रार पहाऱ्याबद्दल नाही, किल्ली कुणाकडे आहे याबद्दल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर, विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स एकाएकी सुरू होईना. ग्रबमधल्या एका जुन्या दोषावरचा तो उपाय होता आणि अशा जोडीच्या मशीनना तो लागू होणार नाही असं सांगितलं गेलं होतं. झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुरता उपाय यायला मे २०२५ उजाडला. ज्यांना आपल्या मशीनच्या फाटकापर्यंत जाता येत होतं त्यांनी पहारा तात्पुरता उठवून, डाग पुसून काम चालू ठेवलं. ज्यांना येत नव्हतं ते बसून राहिले.

घर आपलं, कर आपण भरतो, आणि कुलूप मात्र परगावचा माणूस बदलून जातो. चांगल्या हेतूने बदलतो हे मान्य. पण निदान एक किल्ली घरात असावी की नाही? विकत घेतलेल्या यंत्राच्या फाटकापर्यंत मालकाला जाता आलं पाहिजे, ते बटण कुठलं हे डब्यावरच छापलेलं असलं पाहिजे, आणि अडल्याचा निरोप त्याला कळेल अशा भाषेत आला पाहिजे. वॉशिंग मशिनच्या पुस्तिकेत मराठी येते, मग संगणकाच्या पहिल्या पडद्यावर का नको? ही मागणी फार मोठी आहे असं मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, सत्तरीनंतर हे उद्योग कशाला? मुलं-नातवंडं आहेत की करायला. आहेत, आणि करतातही. पण ती पुण्यात, बंगळूरला, एक तर पार टोरांटोला. त्यांच्या सुट्टीची वाट बघत आपला संगणक चार महिने झाकून ठेवायचा? शिवाय नुसतं 'चालत नाही' असं फोनवर सांगितलं की पलीकडचा पोरगा वैतागतो. त्याऐवजी 'यादी दिसते, पण लिनक्स निवडल्यावर पडदा काळा होतो' असं सांगितलं, तर तो दोन मिनिटांत उत्तर देतो. दुखणं नीट सांगणारा रोगी डॉक्टरलाही आवडतो.

लिनक्स सगळ्यांनीच घ्यावं असंही माझं म्हणणं नाही. ज्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो, ज्यांच्या जुन्या प्रिंटरचं लिनक्सशी जमत नाही, त्यांनी आहे तिथेच राहावं. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं, मूळ डिस्कला धक्का न लावता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं ते पेनड्राइव्हवर असतं. दोन दिवस वापरा, मराठी उमटते का बघा, प्रिंटर बोलतो का बघा. नाही पटलं तर काढून ठेवा. पण तो निर्णय चालवून बघितल्यावर व्हावा. फाटकाला कुलूप दिसलं म्हणून शाळाच वाईट असं ठरवू नये.

शाळांत संगणकाचा तास असतो. त्यात मुलं चित्रं रंगवतात, तक्ते करतात, चांगलंच आहे. पण वर्षातून एक तास असा असावा की सरांनी मुद्दाम पेनड्राइव्ह चुकीचा लिहून द्यावा, एखाद्या मशीनची बॅटरी काढून ठेवावी, आणि मुलांना सांगावं: हे चालत नाही, कुठे अडलंय ते शोधा. गुण चालू करण्याला देऊ नयेत. 'इथपर्यंत येतं, इथे थांबतं' असं एक नीट मराठी वाक्य लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.

आणि नात्यागोत्यातल्या मंडळींना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर 'चालत नाही' म्हणून टाकलेला संगणक असेल तर दिवाळीच्या साफसफाईत परस्पर देऊन टाकू नका. एकदा चालू करा, पहिल्या पडद्यावर काय येतं ते जसंच्या तसं कागदावर उतरवा, कोपऱ्यातली तारीख बघा, आणि मग मला फोन करा. दुपारी चारनंतर. आधी मी झोपलेली असते.